आकाशातला बांध

काकूंनी कुंपणाच्या भिंतीवर दोन्ही कोपरं टेकली आणि लेकीची, जावयाची, नातवाची चौकशी करायला मला उसंतच दिली नाही. “सगळी मजेत आहेत, त्यांचं राहू दे,” म्हणाल्या. “आधी विमानाचं ऐक.”

सांगलीत, आमच्या विश्रामबागेतल्या गल्लीत, अमेरिकेहून परतलेल्या माणसानं आधी तिथली थंडी सांगायची, मग रस्ते, मग डॉलरला रुपयानं गुणून कोथिंबिरीचा भाव, असा शिरस्ता आहे. काकू तो मोडून थेट विमानावर आल्या म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

“न्यूयॉर्कहून आखातापर्यंत बारा-तेरा तास, तिथून पुढं मुंबई. माझ्या पुढचा बाबा जेवण आलं तसा सीट मागं टाकून झोपला. त्याचं डोकं माझ्या ताटावर. घास घ्यायला कोपर उचललं की शेजारणीच्या बरगडीत. सॉरी म्हणून म्हणून जीभ दमली माझी. आणि ह्यांचं तर विचारूच नकोस.”

‘हे’ म्हणजे अण्णा. उंची सहा फूट. तासगावकडं द्राक्षबाग, सगळं आयुष्य तिथंच गेलं. आता बाग पुतण्या बघतो आणि अण्णा इथं जास्वंदीला पाणी घालतात. बोलतात कमी. मी विचारलं, “काय हो अण्णा, फार त्रास झाला?”

“पाय घरी ठेवून जायला पाहिजे होतं,” अण्णा म्हणाले आणि पाण्याची नळी मोगऱ्याकडं वळवली.

“आणि पिशवी!” काकूंचा मूळ मुद्दा आता कुठं सुरू होत होता. “औषधं, चष्मा, शाल, ह्यांचा मफलर, पासपोर्ट, सगळं एका पिशवीत. वरचे कप्पे आधीच लोकांच्या बॅगांनी गच्च. ती पोरगी म्हणाली, पुढच्या सीटखाली सरकवा. वाकून सरकवते तर आत लोखंडी पेटी! पक्की ठोकून बसवलेली. माझी पिशवी अर्धी आत, अर्धी बाहेर. बाहेरच्या अर्ध्यावर माझे पाय. पाय उंच म्हणून गुडघे उंच, आणि गुडघे उंच म्हणून ताटाचं फळकूट काही सपाट होईना. डाळ माझ्या अंगावर यायची बाकी होती.”

“लोखंडी नसणार वहिनी. ॲल्युमिनियमची,” मागून आवाज आला.

नाना आमचं वर्तमानपत्र परत द्यायला आले होते. ते मागच्या घरात राहतात. सगळी नोकरी मुंबईला, सांताक्रूझच्या हँगरमध्ये, विमानांच्या दुरुस्तीवर. आणि त्यातही इंजिनाकडं नाही, तर माणसं बसतात त्या भागाकडं. सीटा, पट्टे, सामानाचे कप्पे, संडास. इंजिनवाल्यांनी आम्हाला कधी मोजलंच नाही, असं एरवी थोडं खंतावून सांगतात. आज मात्र नानांचा दिवस होता.

“तुमच्या पुढ्यात सिनेमा बघायचा पडदा होता ना? त्याची यंत्रं असतात त्या पेटीत. वायरी, वीज, सगळं. सीटच्या पायाला जोडलेली असते. सगळ्या सीटांखाली नसते, पण ज्याच्या नशिबी येते त्याला प्रवासभर पुरते.”

“सिनेमा मी बघितलासुद्धा नाही,” काकू म्हणाल्या. “पेटी मात्र पायात.”

“शिवाय गंमत अशी, तीन सीटांचा मिळून एकच सांगाडा असतो, पण त्याला पायांच्या जोड्या दोनच. त्यामुळं खाली पिशव्यांना जागा तीन निघतात, पण तिन्ही सारख्या नसतात. एकाला ऐसपैस, एकाला सांदकोपरा. भाडं मात्र तिघांना सीटचं. त्यातून काही विमानांत लाइफ जॅकेट पण तिथंच खाली अडकवलेलं. सगळ्यांत पुढच्या ओळीत बसलात तर पुढं सीटच नाही, म्हणजे खालची जागाच नाही. पिशवी वर.”

“वर जागा कुठाय?”

“तेच तर.”

काकूंच्या पिशवीचा जन्म कुठं झाला ते नानांनी मग सांगितलं, आणि मला वाटतं हा सगळ्या कथेतला सगळ्यांत चोरटा भाग आहे. पूर्वी मोठी बॅग काउंटरवर दिली की ती तिकिटातच जायची. २००८ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं देशांतर्गत प्रवासात पहिल्याच बॅगेला १५ डॉलर लावले. तेलाचे भाव तेव्हा आकाशाला भिडलेले. कारण तयार होतं. बाकीच्या कंपन्या मागोमाग आल्या. तेलाचे भाव उतरले तरी बॅगेचा आकार काही उतरला नाही. मग माणसं काय करणार? विमानाच्या पोटात जायची ती बॅग हातात घेऊन वर चढली. वरचे कप्पे भरले. कप्पे भरले म्हणून बॅग सीटखाली, म्हणजे पायांत. युरोपात स्वस्त कंपन्यांनी पुढची पायरी गाठली, वरच्या कप्प्यालाही पैसे. फुकट काय, तर पुढच्या सीटखाली मावेल तेवढंच. २०२४ च्या नोव्हेंबरात स्पेनच्या ग्राहक मंत्रालयानं अशा पाच कंपन्यांना मिळून १७.९ कोटी युरोंचा दंड ठोठावला. नंतरच्या वर्षी युरोपातल्या कंपन्यांच्या संघटनेनं फुकटच्या पिशवीचं किमान माप एक केलं. ४० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, १५ जाड.

काकूंनी हातानं हवेत माप धरून बघितलं. “ह्यात शाल पण बसायची नाही.”

“आपल्याकडं बरं आहे अजून,” नाना म्हणाले. “देशातल्या देशात साधारण सात किलोची एक बॅग चालते. लांबी, रुंदी, उंची मिळून ११५ सेंटिमीटर. आणि वर बायकांची पर्स नाहीतर लॅपटॉप.”

अण्णांनी नळ बंद केला. बहुधा मघापासून एकच प्रश्न मनात घोळत होता. “नाना, ती सीट हलती काय हो? म्हणजे मागं-पुढं? का कायमची गाडलेली असती?”

“हलते की! खाली जमिनीत रूळ असतात, विमानाच्या लांबीभर. त्या रुळाला खाचा. दर एक इंचाला एक. खिळ्या सैल करायच्या, सीट एक खाच पुढं सरकवायची, परत आवळायच्या. सगळ्या विमानाची मांडणी रात्रीतून नाही, पण थोड्या दिवसांत बदलते. आम्ही केलीय.”

“दर इंचाला?”

“दर इंचाला.”

अण्णा भिंतीपर्यंत आले. “म्हणजे बांध कोरत्यात म्हणा की.”

आम्ही तिघंही गप्प झालो, कारण एवढं बरोबर दुसरं कुणाला सुचलं नसतं. ज्याचं शेत बांधाला लागून आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. शेजारी नांगर धरतो, दर साली वीतभर बांध आपल्याकडं ओढतो. एका वर्षी भांडावं एवढं काही गेलेलं नसतं. कोर्टात जाल तर वकील हसेल. दहा वर्षांनी मोजणी आणली की कळतं, दोन सऱ्या गेल्या. अण्णांचे स्वतःचे असले दोन दावे झालेले. एक अजून चालू आहे, पण ते काकूंसमोर काढायचं नसतं.

“आता हिशोब सांगा,” अण्णा म्हणाले. दाव्यांनी माणूस हिशोबी होतो.

नानांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेननं आखलं. (ते वर्तमानपत्र माझं होतं, पण असू दे.) आपल्याकडं जे विमान सगळ्यांत जास्त उडतं, एअरबस ए३२०, त्याच्या ठरावीक मांडणीत ३० ओळी, ओळीत सहा जण, एकूण १८० सीटा. दोन ओळींमधलं अंतर, ज्याला कामावरची माणसं पिच म्हणतात, ते धरा ३० इंच. प्रत्येक ओळीतून एक खाच काढली, तर किती?

“तीस इंच,” अण्णा म्हणाले.

“म्हणजे?”

“म्हणजे आणखी एक ओळ. सहा डोकी.”

“झालं! १८६. पुष्कळ कंपन्यांच्या ए३२० मध्ये आज एवढ्याच सीटा आहेत. सगळ्या फक्त पायांतून नाही काढल्या, मागचे संडास आणि चहाचा ओटा पण आवळून बसवले. नवीन संडासात वळायचं म्हटलं तर आधी ठरवून आत जावं लागतं, ते त्यामुळं. आणि सीटा वाढल्या म्हणून खर्च वाढतो का? पन्नास सीटांमागं एक कर्मचारी केबिनमध्ये ठेवायचा, असा नियम. १८० ला चार, १८६ लाही चार. दोनशेपर्यंत चारच. बोइंगनं रायनएअरसाठी एक ७३७ खास बनवून दिलं, त्यात किती सीटा ठेवल्या असतील?”

“दोनशे?”

“१९७.”

“हुशार आहेत मेले,” काकू म्हणाल्या. त्यात राग थोडा आणि कौतुक जास्त होतं.

मला खरी उत्सुकता होती ती पूर्वी किती होतं याची, कारण ‘पूर्वी सगळं ऐसपैस होतं’ हे वाक्य आमच्या गल्लीत लग्नाच्या पंगतीपासून बँकेच्या व्याजापर्यंत कशालाही लावतात. नानांनी आठवणीवर न जाता एका निकालपत्रावर बोट ठेवलं. अमेरिकेत प्रवाशांची एक संघटना आहे, फ्लायर्स राइट्स. ती तिथल्या विमान प्रशासनाविरुद्ध, म्हणजे एफएएविरुद्ध, कोर्टात गेली. वॉशिंग्टनच्या अपील कोर्टानं जुलै २०१७ मध्ये निकाल दिला, न्यायमूर्ती पॅट्रिशिया मिलेट यांनी लिहिलेला. ओळींमधलं सरासरी अंतर ३५ इंचांवरून ३१ वर आलं, काही विमानांत तर २८ वर, आणि त्याच काळात माणसं मात्र अंगानं वाढली, हे त्यात स्वच्छ लिहिलंय. आक्रसत चाललेल्या सीटचा अजब खटला, असंच त्याला बाईंनी म्हटलं.

“चार इंच,” अण्णा म्हणाले. “मोजणीत एवढं निघालं तर आमच्याकडं कोयते निघतात.”

“थांबा, पूर्ण तसंही नाही.” नाना आता आपल्या जुन्या खात्याची बाजू घेऊ लागले. “पूर्वीच्या सीटची पाठ ही एवढी जाड. आता पातळ झाली. मासिक ठेवायचा खण गुडघ्यासमोर असायचा, तो उचलून वर डोळ्यांसमोर नेला. त्यामुळं आजच्या २९ इंचांत गुडघ्याला मिळतं ते कधी कधी जुन्या ३१ एवढं असतं. पिच म्हणजे पायाची जागा नाही, हे लोक विसरतात. पाठीची जाडी त्यातच येते.”

“आणि पातळ पाठीवर पाठ टेकून बारा तास?”

“त्याचा कागद कुणी काढलेला नाही वहिनी.”

“माझ्याकडं आहे. कालच फिजिओथेरपीवाल्याची पावती आली.”

इथं अण्णांनी विचारलं, आडवंही कोरतात काय? कोरतात. काकू आल्या ते मोठं विमान, बोइंग ७७७, एका ओळीत नऊ जण बसवून पुष्कळ वर्षं उडत होतं; आता बहुतेक कंपन्या दहा बसवतात. ७८७ तर आठांच्या हिशोबानं आखलेलं, पण जवळजवळ सगळे नऊ बसवतात. जपान एअरलाइन्स तेवढी आठांवर ठाम राहिली. तिकडची माणसं अंगानं बारीक, हे काकूंनी लगेच निदर्शनास आणून दिलं. म्हणजे ज्यांना लागत नाही त्यांनाच जागा, असा न्याय झाला.

आता या सगळ्यात एकमेकांशी भांडतात कोण, तर प्रवासी. २००३ मध्ये एकानं प्लॅस्टिकच्या दोन खिट्ट्या बाजारात आणल्या. नाव नी डिफेंडर. आपल्या ताटाच्या फळकुटाला लावायच्या की पुढच्याची सीट मागं येतच नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये न्यूअर्कहून डेन्व्हरला निघालेल्या विमानात एका गड्यानं त्या लावल्या. पुढच्या बाईंना सीट मागं टाकता येईना. बोलाचाली झाली, बाईंनी त्याच्यावर पाण्याचा पेला रिकामा केला, आणि विमान शिकागोला उतरवून दोघांना खाली काढलं.

काकूंना हे फार आवडलं. “पाणी होतं म्हणून वाचला. माझ्याकडं डाळ होती.”

“आणि खिट्ट्या मिळतात का अजून?” मी विचारलं.

“मिळाल्या तरी कंपन्या लावू देत नाहीत. त्यापेक्षा सोपं म्हणून काहींनी सीट मागं जायचीच बंद करून टाकली. रायनएअरनं २००४ पासून. भांडण मिटलं, एक यंत्र कमी झालं, वजन कमी झालं, दुरुस्ती कमी झाली. आमच्या खात्याचं काम मात्र गेलं.”

मग नानांनी जी गोष्ट सांगितली ती मला आधी थट्टाच वाटली. इटलीतल्या एव्हिओइंटिरिअर्स नावाच्या सीट बनवणाऱ्या कंपनीनं २०१० मध्ये एक नमुना दाखवला, स्कायरायडर. त्यात बसायचं नाही. खोगिरावर अर्धवट टेकायचं, पाय खाली सोडायचे. दोन ओळींत अंतर २३ इंच. २०१८ मध्ये हॅम्बुर्गच्या प्रदर्शनात त्याची सुधारून दुसरी आवृत्ती मांडली. अजून कुठल्या कंपनीनं विमानात बसवलेली नाही.

“खोगीर?” काकू म्हणाल्या. “नऊवारी नेसून जायचं का मग?”

सरकार काय करतं, हा प्रश्न आपल्याकडं कुठल्याही गप्पांत साधारण चहाच्या वेळेला येतो. तो आला. (चहाही आला, मीच भिंतीवर कप ठेवले.) नानांचं उत्तर असं, की सरकार गुडघा मोजतच नाही. सरकार सेकंद मोजतं. नवीन जातीचं विमान बाजारात आणायचं तर कंपनीनं दाखवावं लागतं, की निम्मी दारं बंद ठेवून भरलेलं विमान ९० सेकंदांत रिकामं होतं. ए३८० या दोन मजली विमानाची परीक्षा हॅम्बुर्गला २००६ मध्ये झाली. अंधार करून, ८७३ माणसं, ७८ सेकंदांत बाहेर. लोक बाहेर पडले ना? मग आत ती कशी बसली होती याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही.

“सगळीकडंच असं नाही हं,” नाना म्हणाले. “इंग्रजांनी इंच ठरवले.” १९८५ च्या ऑगस्टमध्ये मँचेस्टरला एका विमानाचं इंजिन धावपट्टीवरच फुटलं, आग लागली. ५५ माणसं गेली, बहुतेक धुरानं, कारण वेळेत दारापर्यंत पोचता आलं नाही. त्याची चौकशी झाली आणि १९८९ मध्ये तिकडच्या विमान प्राधिकरणानं नियम केला: बसणाऱ्याच्या पाठीपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत निदान २६ इंच मोकळे हवेत. “त्यात जाडी धरायची नाही, नुसती मोकळी जागा. मोजायची तर अशी मोजायची.”

“आणि अमेरिकेत? त्या बाईंनी निकाल दिला त्याचं काय झालं?”

इथून पुढं नाना थोडे दमून बोलले, आणि ऐकताना आम्हीही दमलो, कारण कुठलंही सरकारी प्रकरण फार ओळखीचं वाटायला लागलं की माणूस दमतो. कोर्टानं एफएएला म्हटलं, तुमचा पुरावा कुठाय, परत विचार करा. एफएए म्हणाली, विचार केला, काही धोका नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या संसदेनं कायदाच केला की सीटचं किमान माप ठरवा, वर्षाच्या आत. २०१९ च्या अखेरीला आणि २०२० च्या सुरुवातीला ओक्लाहोमा सिटीत ७२० माणसं आणून परीक्षा घेतली. पिच कमी केला तर बाहेर पडायला वेळ लागतो का? निष्कर्ष, बहुतेकांना नाही लागत. २०२२ मध्ये जनतेची मतं मागवली, २६,००० हून जास्त आली. दरम्यान ती संघटना परत कोर्टात गेली होती, आता तरी आकडा ठरवायला लावा म्हणून. या वेळी, २०२३ मध्ये, कोर्टानं अर्ज फेटाळला.

अण्णांनी मधलाच धागा पकडला. “ते सातशे वीस. त्यात म्हातारं कोण होतं काय?”

नाना हसले. “सगळे साठीच्या आतले. धडधाकट. म्हाताऱ्यांना धावपळीत इजा व्हायची भीती, म्हणून परीक्षेत घेत नाहीत.”

“आणि खऱ्या आगीत?” काकू म्हणाल्या.

कोणी काही बोललं नाही. मला स्वतःला या सगळ्या चर्चेत एवढं एकच वाक्य खटकलं आणि अजून खटकतं. इंच कमी-जास्त होतील, माणूस तीन तास सोसतोही. पण ज्या परीक्षेवर सगळं बेतलंय, तीत काकू नाहीत, अण्णा नाहीत, कडेवर पोर घेतलेली आई नाही. विमानात मात्र ह्याच मंडळींची गर्दी असते. सुट्टीत अमेरिकेत एडिसनकडं, काकूंची लेक राहते तिकडं, जाणाऱ्या विमानात चढून बघा. सगळी सांगली-साताऱ्याची सासू-सासरेमंडळी.

“पिशवी मात्र सोडायची हं वहिनी,” नाना एकदम गंभीर झाले. “तसा प्रसंग आलाच तर. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. त्या छोट्या विमानातले पाच जण गेले. पण ह्या मोठ्या विमानात ३७९ माणसं होती, ती सगळी बाहेर आली. विमान मागं जळून राख झालं. लोकांनी बॅगा जागेवर सोडल्या म्हणून वाट मोकळी राहिली.”

“सगळं सोडायचं?”

“सगळं.”

“माझी औषधं?”

“वहिनी!”

“बरं बरं. पासपोर्ट पोलक्यात ठेवीन.”

औषधांवरून रक्तावर गाडी आली. काकूंच्या पोटऱ्या अजून सुजलेल्या होत्या आणि लेकीनं फोनवर घाबरवून ठेवलं होतं, की जागा अरुंद म्हणून रक्ताची गाठ होते. नानांनी ते जरा सैल केलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये याचा अहवाल काढला: चार तासांहून जास्त प्रवासात गाठ व्हायची शक्यता साधारण दुप्पट होते, पण मुळात ती फार कमी, निरोगी माणसाला सहा हजारांत एखादी. आणि ते विमानापुरतं नाही. बस, रेल्वे, मोटार, जिथं माणूस हलत नाही तिथं सगळीकडं तेच. घोटे फिरवायचे, मधून उठायचं, चालायचं. पोटऱ्यांची सूज उतरत नसेल तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं. त्यात नानांचा सल्ला चालणार नाही, असं नानांनीच सांगितलं.

“उठायचं म्हणे! कडेच्याला उठवल्याशिवाय उठता येतं का? दोनदा उठवलं. तिसऱ्यांदा त्यानं डोळेच उघडले नाहीत.”

आता मी माझं म्हणणं मांडलं, कारण मघापासून सगळे एकाच बाजूनं बोलत होते आणि मला ते बरोबर वाटत नव्हतं. ही विमानं स्वस्त झाली म्हणून तर आपण त्यांत बसतो. कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ मध्ये एअर डेक्कन सुरू केली, एक रुपयाच्या तिकिटाच्या जाहिराती आल्या, तेव्हा कुठं आमच्यासारख्या घरांत विमानाचा विषय निघायला लागला. त्याआधी विमान म्हणजे साहेबाचं, सिनेमावाल्याचं, नाहीतर परदेशी निघालेल्या मुलाला सोडायला सगळं खानदान सहारला जायचं तेवढंच. आणि आता? तिकीट काढताना आपण काय बघतो? सगळ्यांत वरचं, सगळ्यांत स्वस्त. दोनशे रुपये कमी दिसले की बोट तिकडं. कुणी कधी इंच विचारलेत?

“विचारायला ते लिहिलेले तरी असतात का तिथं?” काकूंनी मला गप्प केलं.

हे मात्र खरं. भाडं, वेळ, जेवण, बॅग, सगळं समोर येतं. पायाची जागा शोधायला वेगळी खटपट करावी लागते. जिथं ती आपणहून समोर येते, तिथं तिच्या शेजारी रुपयांचा आकडा असतो. जास्त पाय पसरायची सीट, वेगळे पैसे. नानांनी ताजं उदाहरण दिलं. इंडिगो २००६ मध्ये सुरू झाली ती सगळ्यांना एकसारखी सीट देत. नोव्हेंबर २०२४ पासून दिल्ली-मुंबई मार्गावर पुढं १२ मोठ्या सीटा बसवल्या, दोन-दोनच्या. दोन ओळींत अंतर ३८ इंच.

“अडतीस!” अण्णांनी भिंतीवर वीत मोजून बघितली. “म्हणजे आधी बांध कोरायचा, आणि कोरलेली जमीन परत आपल्यालाच खंडानं द्यायची.”

“धंदा आहे अण्णा.”

“धंदा आमच्या शेजाऱ्याला कळला नाही म्हणायचा.”

“तो कोणता शेजारी?” काकूंनी कान टवकारले. “तो दावा तुम्ही मागं घेतला होता ना?”

अण्णा लगेच नळाकडं वळले, पण नानांनी त्यांना वाचवलं. एप्रिलमध्ये नातवाची मुंज आहे, एडिसनलाच; परत सगळा प्रवास आहे, तर या वेळी संकटकाळच्या दाराशेजारची ओळ मागून बघा, असं त्यांनी सुचवलं. पुढं भरपूर जागा, पाय लांब सोडून झोपता येतं.

“फुकट?”

“फुकट कसं? आणि कुणालाही देत नाहीत. विचारतात, सांगितलेलं समजेल का, वेळ आली तर दार उघडायला मदत कराल का.”

“गोठ्याचं दार अजून मीच उघडतोय,” अण्णा म्हणाले.

“तुमचं वय बघून ऐनवेळी नाही पण म्हणतील, ते सांगून ठेवतो. आणि तिथं वहिनींची पिशवी पायाशी ठेवता येणार नाही. विमान चढता-उतरताना ती ओळ मोकळी लागते. सगळं वर.”

“मग मी नाही बसायची तिथं,” काकू म्हणाल्या. “मी आपली मागं बसेन, पिशवी घेऊन. तुम्ही बसा दारात एकटे, पाय लांब करून. पण सांगून ठेवते, गोळ्या माझ्या पिशवीत. सकाळची, दुपारची, रात्रीची, सगळ्या. पाहिजे तेव्हा उठून मागं यायचं आणि घेऊन जायचं.”

“येतो की,” अण्णा म्हणाले. “तेवढंच चालणं होईल.”